उतारशाळेतले दोन दिनार

धुळ्याहून शिरपुराकडे जाणाऱ्या मुंबई–आग्रा हमरस्त्यावर सोनगीरचा किल्ला मागे टाकून प्रवासी पुढे निघाला, की कपाशीच्या काळ्या रानातून नाकासमोर गेलेल्या त्या रस्त्याला शिंदखेडा तालुक्यातील नरडाणा या गावाशी सुरत–भुसावळ लोहमार्ग येऊन भेटतो. आणि एरवी खानदेशातल्या चारचौघा गावांसारखेच असलेले हे गाव दोन मोठ्या वाटांच्या छेदावर वसल्यामुळे, ज्यांचा त्याच्याशी जन्माचा, जमिनीचा किंवा सोयरिकीचा काडीमात्र संबंध नाही अशा अगणित माणसांच्या येण्याजाण्याचे साक्षीदार होऊन बसले आहे. उत्तरेचा माल मुंबईस आणि मुंबईचा उत्तरेस नेणारे ट्रकवाले, औद्योगिक वसाहतीत पोटासाठी आलेले परप्रांतीय मजूर, चैत्रात वणीच्या सप्तशृंगीस पायी निघालेले यात्रेकरू, ऊसतोडीसाठी मुलांमाणसांसह स्थलांतर करणारी आदिवासी कुटुंबे, ही सारी मंडळी या टापूतून जातात आणि बहुधा कोणाच्याही स्मरणात न राहता जातात. अशा ठिकाणी शेजारी कोणाला म्हणावे, हा प्रश्न भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांपुरता उरत नाही.

नेमका हाच प्रश्न एका यहुदी शास्त्र्याने येशूला विचारल्याची हकिकत लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात आली आहे. देवावर संपूर्ण अंतःकरणाने आणि शेजाऱ्यावर स्वतःइतकी प्रीती करावी, हा नियमशास्त्राचा सारांश त्या शास्त्र्याला मुखोद्गत होता; त्याला हवी होती ती व्याख्या. शेजाऱ्याची चतुःसीमा एकदा मुक्रर झाली, की तिच्या आतल्यांचे देणे फेडून बाहेरच्यांविषयी निश्चिंत राहता येते, ही कायदा जाणणाऱ्या मनुष्याची समजूत सर्व देशांत आणि सर्व काळांत सारखीच आढळते. येशूने व्याख्या दिली नाही, एका रस्त्यावरची गोष्ट सांगितली. यरुशलेमाहून यरीहोकडे जाणारा तो रस्ता सुमारे २७ किलोमीटरांच्या अंतरात जवळजवळ हजार मीटर खाली उतरतो. दोन्ही बाजूंस उजाड डोंगर, निर्जन घळी आणि त्यांत दबा धरून बसलेले लुटारू. त्यांनी एका वाटसरूला मारझोड करून, वस्त्रेसुद्धा हिरावून, अर्धमेल्या स्थितीत टाकून दिले. त्या वाटेने प्रथम एक याजक आला, नंतर मंदिराच्या सेवेतील एक लेवी आला. दोघांनीही त्याला पाहिले आणि दोघेही रस्त्याच्या पलीकडच्या कडेने निघून गेले. तिसरा आला तो शोमरोनी. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधल्या, जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले, रात्रभर त्याची शुश्रूषा केली, आणि दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाच्या हातावर दोन दिनार, म्हणजे त्या काळच्या मजुराची दोन दिवसांची मजुरी, ठेवून याहून अधिक जो खर्च होईल तो परत येताना फेडीन असे वचन देऊन तो आपल्या वाटेने निघून गेला. या तिघांपैकी त्या जखमी माणसाचा शेजारी कोण ठरला, असे येशूने उलट विचारले, तेव्हा शास्त्र्याला उत्तर देणे भाग पडले. मात्र शोमरोनी हे नाव त्याच्या तोंडून निघाले नाही, ज्याने दया केली तो, एवढेच तो म्हणाला.

ही कथा इतकी परिचित आहे की तिचा काटा आता कोणाला बोचत नाही. याजक आणि लेवी यांना आपण निर्दय ठरवून मोकळे होतो. वास्तविक शवस्पर्शाने याजकाला अशौच येते असा त्यांच्या शास्त्राचा दंडक होता, आणि समोर पडलेला देह जिवंत आहे की मृत हे लांबून उमगण्यासारखे नव्हते. ती माणसे दुष्ट नव्हती, सोवळ्यात होती. मराठी वाचकाला येथे एकनाथांची आख्यायिका आठवल्यावाचून राहणार नाही. काशीहून आणलेली गंगेची कावड रामेश्वरास अर्पण करावयाची, ती तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखात रिकामी करून नाथांनी आपली यात्रा तेथेच पुरी झाली असे मानले. धर्मकृत्याच्या वाटेत आडवे आलेले दुःख हेच धर्मकृत्य होय, ही जाणीव दोन्ही कथांत एकच आहे. तरी एक भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. नाथांच्या कथेत देणारा श्रेष्ठ वर्णाचा, विद्वान आणि वंद्य आहे. येशूच्या कथेत तो तिरस्कृत आहे. यहुदी आणि शोमरोनी यांचे वैर कित्येक शतकांचे होते, गरिज्जीम डोंगरावरचे शोमरोन्यांचे मंदिर यहुदी अधिपती योहान हिर्कानस याने ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात उद्ध्वस्त केले होते, आणि शोमरोन्याच्या हातून उपकार स्वीकारणे ही गोष्ट त्या श्रोत्यांना, उपकार करण्यापेक्षाही, अधिक जड जाणारी होती.

हीच गोष्ट आग्रा रोडवर आणून पाहिली म्हणजे तिची धार कळते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खानदेशातील वाटांवर ज्यांच्या नावाची दहशत सांगितली जाई ते भिल्ल होते. डोंगरांचे आणि वाटांचे आपले परंपरागत हक्क व वतने हिरावली गेल्यामुळे त्यांतले कित्येक लुटीकडे वळले, आणि त्यांना वठणीवर आणण्यासाठी जेम्स औटरॅम या अधिकाऱ्याने १८२५ साली भिल्लांचीच पलटण उभारली, तिचे ठाणे धरणगावी होते. म्हणजे आमच्या मुलखात ही कथा सांगणाऱ्याने जखमी प्रवासी म्हणून एखादा प्रतिष्ठित सावकार किंवा शास्त्रीबुवा घ्यावा आणि ज्याच्या जमातीवर सरकारी दप्तरात लुटारूचा शिक्का बसला आहे तो भिल्लच त्याला खांद्यावर टाकून घेऊन जातो असे सांगावे. त्यानंतर शुद्धीवर आलेला प्रवासी त्याच्या हातचे पाणी पितो की नाही, यावर सारी कथा टेकलेली आहे. परोपकाराची शिकवण सर्वच धर्मांत आहे. ज्याला आपण हीन लेखतो त्याच्याकडून जीवदान घेण्याची तयारी असणे, ही ख्रिस्ती शेजारप्रीतीची अधिक अवघड बाजू आहे, आणि व्यासपीठावरील प्रवचनांत तिचा उल्लेख फारच क्वचित होतो.

जिला येशूने आपल्या शिकवणीचा कणा केले ती शेजारप्रीतीची आज्ञा त्याच्या आधी कित्येक शतके लेवीय या ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात आलेली आहे, आणि तेथील तिचा शेजार पाहण्यासारखा आहे. त्याच अध्यायात सांगितले आहे, की शेताची कापणी करताना बांधाच्या कडेपर्यंत विळा चालवू नये आणि गळून पडलेला सरवा दरिद्र्यासाठी व उपऱ्यासाठी तसाच राहू द्यावा. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये. बहिऱ्याला शिव्या देऊ नयेत आणि आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नये. वजनमापे खरी असावीत. प्रीतीची ही आज्ञा अशा खळ्यातल्या, पेढीवरच्या आणि चावडीवरच्या व्यवहारांच्या मधोमध बसलेली आहे. ज्या प्रदेशात कापसाच्या काट्यावर शेतकऱ्याचे वर्षाचे भवितव्य तोलले जाते आणि मुकादमाकडे अडकलेल्या मजुरीपायी कुटुंबेच्या कुटुंबे वेठीस राहतात, तेथे शेजारप्रीती म्हणजे अंतःकरणाची एक मऊ अवस्था असे समजण्याचे कारण नाही. शत्रूवरही प्रीती करा अशी जी येशूची आज्ञा आहे तिचाही अर्थ त्याच्याविषयी जिव्हाळा वाटलाच पाहिजे असा होत नाही. त्याचे हित करावे, हे मात्र सुटत नाही.

आता उतारशाळेच्या मालकाकडे वळू. दोन हजार वर्षे शोमरोन्याची स्तुती झाली. चित्रकारांनी त्याची चित्रे काढली, इस्पितळांना त्याचे नाव दिले गेले. ज्याने त्या जखमी माणसाला पुढचे कित्येक दिवस आपल्या छपराखाली ठेवले, त्याचे पथ्यपाणी सांभाळले, जखमा धुतल्या, त्या मालकाला मात्र नावही नाही. त्याने मोबदला घेतला म्हणून त्याचे कृत्य हलके ठरते, असा एक अस्फुट समज यामागे असावा. प्रस्तुत लेखकाला तसे वाटत नाही. शोमरोनी एक रात्र थांबला. त्याला त्याचे कामधंदे होते, आणि कथाकाराने त्याबद्दल त्याला यत्किंचितही दोष दिलेला नाही. दयेची पहिली उसळी कितीही सच्ची असली तरी हाड जुळायला लागणारे सहा आठवडे ती पुरत नाही. तेथे खाट लागते, रोजच्या जेवणाचा शिधा लागतो, रात्रपाळी करणारे माणूस लागते, आणि या सर्वांचा हिशेब लागतो. शेजारप्रीतीचे रूपांतर संस्थेत व्हावे लागते, हे या कथेत दोन दिनारांच्या उल्लेखाने सांगून ठेवलेले आहे.

आद्य ख्रिस्ती मंडळींनी तो अर्थ बरोबर ओळखला असे इतिहासावरून दिसते. तिसऱ्या शतकाच्या मध्यास रोमन साम्राज्यात भयंकर साथ पसरली असता अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिशियस याने लिहून ठेवले आहे, की ख्रिस्ती लोक रोग्यांची शुश्रूषा करता करता स्वतः मृत्युमुखी पडत होते. पुढे सम्राट जूलियन, जो जुन्या दैवतांची पूजा पुन्हा प्रस्थापित करू पाहत होता आणि ख्रिस्ती धर्माचा कट्टर विरोधक होता, त्याने आपल्या एका पुरोहितास लिहिलेल्या पत्रात तक्रार केली, की हे गालीलकर आपल्या गरिबांनाच काय पण आमच्याही गरिबांना पोसतात, आणि आमचे लोक मात्र स्वकीयांच्या साहाय्यास मुकतात. विरोधकाने चिडून दिलेल्या या दाखल्याला भक्ताच्या स्तुतीहून अधिक वजन आहे. त्यानंतर थोड्याच वर्षांनी, ३७० च्या सुमारास, कॅसारियाचा बिशप बेझिल याने नगराबाहेर रोग्यांसाठी, महारोग्यांसाठी आणि वाटसरूंसाठी निवासांची एक वसाहतच उभी केली. इस्पितळ आणि उतारशाळा ही तेथे एकाच आवारात होती.

खानदेशात ही उतारशाळा कशी पोहोचली, त्याचा वृत्तान्त लोहमार्गाच्या वृत्तान्ताशी निगडित आहे. तापीच्या खोऱ्यातील रेल्वे एकोणिसावे शतक संपता संपता सुरू झाली, आणि त्याच सुमारास, १८९९–१९०० साली, गुजरात-राजस्थानात विक्रम संवतावरून छप्पनिया म्हणून ओळखला गेलेला महादुष्काळ पश्चिम हिंदुस्थानावर कोसळला. पंडिता रमाबाईंनी त्या साली गुजरातेतून दुष्काळग्रस्त मुली आपल्या केडगावच्या मुक्तिसदनात आणल्या. त्याआधीच्या, १८९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतात जाऊन त्यांनी असेच केले होते. खानदेशातील ख्रिस्ती सेवेचा विस्तार त्यानंतरच्या वर्षांतला. फ्रेडरिक फ्रान्सन या स्वीडनमध्ये जन्मलेल्या धर्मोपदेशकाने १८९० साली शिकागो येथे स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन स्थापन केले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याचे आणि स्वीडनमधील सहधर्मीयांचे कार्यकर्ते पश्चिम खानदेशात, नंदुरबार-नवापूरच्या आदिवासी पट्ट्यात, येऊन राहिले. हिमप्रदेशातल्या शेतकऱ्यांच्या मुलामुलींनी सातपुड्याच्या पायथ्याच्या उन्हाळ्यात घरे थाटावीत, मराठीबरोबर मावची आणि भिलोरी बोली शिकाव्यात, आणि जेथे बैलगाडीही जात नाही तेथे पायी औषधे घेऊन जावे, याचे कौतुक वाटण्यासाठी त्यांच्या धर्ममतांशी सहमत असण्याची आवश्यकता नाही. याच मिशनने, जे १९४९ नंतर दि इव्हँजेलिकल अलायन्स मिशन या नावाने ओळखले जाऊ लागले, १९४२ साली नवापूर तालुक्यात चिंचपाडा येथे इस्पितळ काढले. नरडाण्याहून पश्चिमेकडे जाणारी गाडी दोंडाईचा आणि नंदुरबार ओलांडून त्याच चिंचपाड्याच्या स्थानकावरून नवापुराकडे जाते. परदेशी मिशनरी हळूहळू मायदेशी परतल्यावर अशी अनेक इस्पितळे एकत्र गुंफण्यासाठी १९७० च्या सुमारास इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन ही भारतीय संस्था निर्माण झाली. चिंचपाड्याचे इस्पितळ आता तिच्या छत्राखाली चालते, आणि तेथे खाटेवर पडलेले रोगी बहुसंख्येने ख्रिस्तेतर आदिवासीच असतात.

येथे एक अप्रिय प्रश्न टाळून चालणार नाही. औषधाच्या बाटलीबरोबर शुभवर्तमानाची पुस्तिका द्यायची, दुष्काळात उचललेल्या अनाथ पोराला पोसता पोसता बाप्तिस्माही द्यायचा, ही शेजारप्रीती की भरतीचे साधन, असा आक्षेप या देशात शंभर वर्षांहून अधिक काळ घेतला जात आहे, आणि तो केवळ द्वेषापोटी घेतला गेला असे म्हणणे अन्यायाचे होईल. विदर्भ ज्यात समाविष्ट होता त्या तत्कालीन मध्यप्रदेश सरकारने १९५४ साली नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनरी कार्याची चौकशी करणारी समिती नेमली. १९५६ च्या तिच्या अहवालाने शाळा, इस्पितळे आणि अनाथालये धर्मांतरासाठी वापरली जातात असा ठपका ठेवला. ख्रिस्ती समाजाला तो अहवाल एकतर्फी वाटला, आणि त्यातील साक्षीपुराव्याच्या पद्धतीबद्दल वाद झाले ते योग्यच झाले. पण अहवाल बाजूला ठेवला तरी कथा आपल्या जागी राहतेच, आणि तिच्यातला शोमरोनी त्या यहुद्याला गरिज्जीमच्या डोंगरावर येऊन पूजा कर, असे म्हणत नाही. त्याने त्याचे नावही विचारल्याचे नमूद नाही. दोन दिनारांच्या बदल्यात काहीही मागितले गेले, मग ते कृतज्ञतेचे का असेना, तर तो सौदा होतो; आणि मिशनांच्या इतिहासात असे सौदे झाले, तसेच कोणताही सौदा न करता आयुष्ये झिजवणारेही झाले. दुसऱ्या प्रकारच्या माणसांची नोंद दप्तरात राहत नाही, कारण धर्मांतराचा आकडा लिहिता येतो, न झालेल्या धर्मांतराचा रकाना कोणत्याही वार्षिक अहवालात नसतो.

त्या रकान्यात घालण्याजोगे एक नाव खानदेशापाशी आहे, आणि ते मराठी वाचकाला तोंडपाठ आहे. नरडाण्याहून पूर्वेकडे जाणाऱ्या गाडीला बेटावद, अमळनेर करीत धरणगाव लागते. तेथे १३ ऑगस्ट १८९० रोजी त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचा जन्म झाला. १९०७ साली जळगावी भरलेल्या कविसंमेलनात या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाची कविता ऐकून संमेलनाध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी त्याला बालकवी ही पदवी दिली. पुढे हा मुलगा अहमदनगरला रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या घरी येऊन राहिला. टिळक कोकणातल्या करजगावचे चित्पावन. १८९३ साली रेल्वेच्या प्रवासात एका इंग्रज सहप्रवाशाने हाती ठेवलेल्या नव्या करारातून, विशेषतः डोंगरावरील प्रवचनातून, त्यांचे मन पालटले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या घरात पोरक्यांचा, भुकेल्यांचा आणि आगंतुकांचा राबता इतका असे, की घरात उद्या काय शिजणार याचा भरवसा नसे. त्या सगळ्याचा भार लक्ष्मीबाईंच्या पदरात पडत असे, आणि १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात त्यांनी तो हसत, चिडत, कुरकुरत आणि कोठेही स्वतःला थोर न म्हणता सांगितला आहे. बालकवींचे बालिश हट्ट, त्यांचे रुसवे, यांनाही त्यात जागा आहे. एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या घरी मुलासारखा वाढलेला हा खानदेशी कवी अखेरपर्यंत हिंदूच राहिला. टिळकांसारख्या तळमळीच्या धर्मोपदेशकाला त्याने ख्रिस्ती व्हावे असे वाटलेच नसेल, असे कोण म्हणेल? पण त्या घरातल्या ताटाला ती अट नव्हती. ५ मे १९१८ रोजी जळगावच्या पुढच्या भादली स्थानकापाशी मालगाडीखाली सापडून बालकवींचा अंत झाला. टिळक त्यानंतर जेमतेम एक वर्ष जगले.

लक्ष्मीबाईंचे उदाहरण दुसऱ्या कारणानेही येथे घ्यावेसे वाटते. नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतर त्या काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या; पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांनी आपले सोवळेओवळे सोडले नव्हते. टिळकांनी त्यांच्यावर धर्माची सक्ती केली नाही. जातिभेद देवाने केलेला नसून माणसाने केला आहे, अशी त्यांची त्यांनाच खात्री पटली, आणि मग त्या कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेऊ लागल्या. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला तो त्यानंतर. म्हणजे शास्त्र्याला जे नाव उच्चारता आले नाही, त्या नावाच्या हातून पाणी पिण्याची पायरी या बाईने पाण्याच्या संस्काराआधी चढली होती. ज्यांना ख्रिस्ती आचारधर्म म्हणजे काय हे मराठीतून समजून घ्यावयाचे असेल त्यांनी धर्मशास्त्राच्या जाड्या पोथ्यांआधी हे पुस्तक वाचावे, अशी शिफारस करण्यास मी कचरणार नाही.

आणि न्यायाची गोष्ट अशी, की महाराष्ट्राच्या स्मृतीतील या कथेशी सर्वांत जुळणारी कृती कोणा ख्रिस्ती व्यक्तीच्या नावावर नाही. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग गायकवाड या मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई फुले आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या, दवाखान्यापर्यंत चालत गेल्या; मुलगा वाचला, आणि त्याच रोगाने १० मार्च रोजी सावित्रीबाईंचा अंत झाला. स्वतः होऊन नेणारी बाई आणि जेथे न्यायचे तो दवाखाना, दोन्ही एकाच घरातले होते. धर्माचे नाव सांगणाऱ्यांपेक्षा न सांगणाऱ्याने आज्ञा पाळली, हे तर मूळ कथेचेही सूत्र आहे.

आता पुन्हा आग्रा रोडवर येऊ. कारण ही कथा अलीकडे, कोणी फारसे लक्ष न देता, भारताच्या कायद्यात शिरली आहे. देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली कित्येक घटनास्थळीच गतप्राण झाली हे खरे, पण कित्येकांना पहिल्या तासात कोणी उचलले असते तर ती वाचती. ती का उचलली जात नाहीत याचे कारण आपल्या समाजाची काळिजे दगडाची आहेत हे नसून, उचलणाऱ्याच्या मागे लागणारा पंचनामा, जबाब, समन्स आणि तारखा हे आहे. मदत करणाऱ्यालाच ठोकर मारणारा समजून फौजदार कचेरीत बसवून ठेवतील, ही भीती ट्रकवाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सर्वांच्या मनात सारखीच असते. रस्त्याच्या पलीकडच्या कडेने जाणाऱ्या याजकाला सोवळ्याची अडचण होती, आमच्या वाटसरूला पोलीस ठाण्याची आहे.

कायद्याने प्रथम पकडले ते उतारशाळेच्या मालकाला. अपघातात जखमी झालेल्या एका स्कूटरस्वाराला कोणा भल्या माणसाने जवळच्या इस्पितळात नेले असता, असली पोलीस-प्रकरणे घेण्याचा आम्हास अधिकार नाही असे सांगून त्याला वीस किलोमीटर लांबच्या दुसऱ्या इस्पितळात धाडण्यात आले, आणि तो वाटेतच मेला. परमानंद कटारा यांनी वृत्तपत्रातील त्या बातमीवरून दाखल केलेल्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली निर्णय दिला, की सरकारी असो वा खासगी, कोणत्याही डॉक्टरने प्रथम जीव वाचवावा, कागदपत्र मागाहून. शोमरोन्याची पाळी त्यानंतर आली. नात्यातला एक किशोर अपघातानंतर मदतीविना रस्त्यावर मेल्यावर पीयूष तिवारी यांनी २००८ साली सेव्हलाइफ फाउंडेशन ही संस्था काढली; तिच्या याचिकेवरून केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वे सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी बंधनकारक ठरविली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. त्यात जखमीला सद्हेतूने मदत करणाऱ्याला जे नाव दिले आहे ते लूकच्या पानावरून सरळ उचललेले आहे: गुड सॅमॅरिटन, म्हणजे भला शोमरोनी. अशा माणसावर दिवाणी वा फौजदारी दायित्व येत नाही. त्याला इस्पितळात जखमीला पोहोचवून आपल्या वाटेने निघून जाता येते. नाव-पत्ता सांगण्याची सक्ती नाही. साक्ष द्यावयाची तर ती स्वखुशीने. मूळ शोमरोनीही नाव न सांगता दुसऱ्या दिवशी निघून गेला होता. त्या प्रस्थानाला दोन हजार वर्षांनी संसदेची मंजुरी मिळाली.

याला सरकारने बक्षिसाचीही जोड दिली आहे. गंभीर जखमीला वेळेत इस्पितळात नेणाऱ्यास आरंभी ५,००० रुपये जाहीर झाले, पुढे राह-वीर या नावाने ती रक्कम २५,००० करण्यात आली. ज्याने पदरचे दोन दिनार दिले त्यालाच दिनार देण्याची ही कल्पना मला थोडी उलटी वाटते, तरी गरीब ट्रकवाल्याची बुडालेली मजुरी भरून निघत असेल तर तक्रार करण्याचे कारण नाही. त्यापेक्षा मोलाची वाटते ती २०२५ साली जारी झालेली दुसरी योजना, जिच्याअन्वये अपघातग्रस्ताच्या पहिल्या सात दिवसांच्या उपचारांचा दीड लाख रुपयांपर्यंतचा खर्च रोगी किंवा त्याला आणणारा यांच्याकडून न घेता इस्पितळाला परस्पर द्यावयाचा आहे. उतारशाळेच्या मालकाला मागाहून भरपाई करण्याचे जे वचन शोमरोन्याने दिले होते तेच हे. नरडाण्याच्या टापूत एखादी दुचाकी ट्रकखाली आली, तर जखमीला पुढे शिरपुरास किंवा मागे धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्यावे लागते. मग गाडी १०८ च्या रुग्णवाहिका-सेवेची असो वा कोणा वाटसरूची. ते अंतर कमी करणारी सुसज्ज खाट या पट्ट्यात हमरस्त्यालगत असावी, तिची बिले महिनोन् महिने मंत्रालयात अडकू नयेत, आणि योजनेत नाव नोंदविण्यास कचरणाऱ्या खासगी इस्पितळांना जिल्हाधिकारी कचेरीने बोलावून घ्यावे, ही मागणी चर्चच्या मंडळ्यांनी, वारकरी फडांनी आणि बाजार समितीने मिळून करण्यासारखी आहे.